तिला फक्त काळं दिसतं

रंगाने ती फिकट गुलाबी. अंगावर बारीक गोलांच्या रांगा, प्रत्येक रांगेत चार गोल. कडेने काळ्या रेघांची पट्टी, म्हणजे यंत्राला कळावं की ती सरळ आहे की तिरकी. डोक्याशी रोल नंबरची चौकट. तिथे आकडा आधी लिहायचा आणि मग त्याच आकड्याखालचा गोलही काळा करायचा, कारण लिहिलेलं तिला वाचता येत नाही. नाव लिहा, वडिलांचं नाव लिहा, सही करा, अंगठा उमटवा, ते सगळं माणसांसाठी. तिचा स्वतःचा संबंध फक्त गोलाशी. गोल काळा आहे की नाही, एवढंच ती सांगते.

तिचे नखरे मात्र पुष्कळ. घडी घालायची नाही. घामाचा हात लावायचा नाही. समासात हिशेब मांडायचा नाही. पेन काळ्या शाईचं, बॉलपॉइंटच. गोल अर्धा भरला तर तिला तो दिसेलच असं नाही, बाहेर सांडला तर शेजारचाही धरला जाईल, खोडला तर खोडलेलाही काळाच. आमच्या पणजीच्या सोवळ्यालाही इतके नियम नव्हते, आणि पणजीला चुकून शिवलं तर निदान आंघोळ करून सुटका होती. हिला एकदा शिवलं की शिवलं.

तिचं पूर्ण नाव ऑप्टिकल मार्क रेकग्निशन वगैरे आहे, पण ते कोणी घेत नाही. कागदोपत्री ओएमआर, आणि आमच्या दौलतगंजात नुसती ‘शीट’. परीक्षा देऊन आलेल्या पोराला आमच्याकडे ‘पेपर कसा गेला’ हे नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘शीट पुरी भरलीस ना रे? रोल नंबरचे गोले बघितलेस?’ ग्वाल्हेरच्या मराठीला हिंदीचं पाणी लागलेलं आहे, त्यामुळे गोलाचे गोले होतात आणि पूर्ण भरण्याचं पुरी भरणं होतं. दोनशे वर्षं इथे राहिल्यावर एवढं चालायचंच.

तिचं कुळ अमेरिकेचं. रेनॉल्ड जॉन्सन नावाचा मिशिगनमधला एक शाळामास्तर होता. लहानपणी बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारी बंद पाडायचा त्याला नाद होता. इंजिनाच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीची रेघ ओढली की त्या रेघेतून वीज निसटते आणि गाडी चालू होत नाही, हे त्याला ठाऊक झालं होतं. पुढे मास्तर झाल्यावर पेपर तपासायच्या कंटाळ्यात त्याला हीच खोडी आठवली. पेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, तर खूण कुठे आहे हे यंत्राला कळू शकेल. आयबीएमने १९३४ मध्ये त्याला नोकरीवर घेतलं आणि १९३८ मध्ये पेपर तपासणारं यंत्र बाजारात आणलं. विजेच्या जागी प्रकाश आला तो नंतर. म्हणजे ही सोवळी बाई जन्मली ती एका व्रात्य पोराच्या खोडीतून. तिच्या पुढच्या आयुष्यात व्रात्यपणा सारखा डोकावत राहिला, त्याचं आम्हाला म्हणून फारसं नवल वाटलं नाही. फक्त त्याचा आकार किती मोठा होईल याचा अंदाज नव्हता.

ती आमच्याकडे कशी आली हे कळायला आधी आमचं गाव सांगायला हवं. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, तिचं लष्कर झालं. त्या लष्करात त्यांच्याच नावाचं आमचं दौलतगंज. बाड्याच्या चौकापासून चालत येण्यासारखं. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना टेकलेली, दारांवर मराठी आडनावांच्या पाट्या आणि खाली हिंदी बोलणारी दुकानं. संस्थान होतं तेव्हा नोकरी, शिष्यवृत्ती, बदली, सगळ्याला चिठ्ठी लागायची. कुठल्या सरदाराची, कुठल्या दिवाणखान्यातली, यावर तिचं वजन ठरायचं. संस्थान गेलं तरी चिठ्ठीची सवय लगेच जात नसते.

१९४६ मध्ये गजराराजा मेडिकल कॉलेज उघडलं. जयारोग्य हॉस्पिटल त्याच्या आधीपासूनचं, १८९९ चं. आजच्या मध्य प्रदेशातलं हे सगळ्यांत जुनं मेडिकल कॉलेज, आणि ते आमच्या गावात! दौलतगंजातल्या प्रत्येक घराने त्या दिवसापासून एक तरी मूल मनातल्या मनात डॉक्टर करून ठेवलं. पण जागा मोजक्या आणि दार अरुंद. इंटर सायन्सचे मार्क हे एक माप होतं, पण एका विद्यापीठाचे साठ टक्के आणि दुसऱ्याचे साठ टक्के हे काही एकाच तराजूचे नव्हेत. बाहेरच्यांसाठी पैशाचीही अट होती. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात तेव्हाच्या मध्य भारत राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून कॅपिटेशन फी घेतली जायची. दिल्लीच्या जोशी नावाच्या विद्यार्थ्याने त्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्ट गाठलं, आणि १९५५ मध्ये कोर्टाने बहुमताने फी योग्य ठरवली. म्हणजे अडथळा काही शीटने आणला नाही. अडथळा होताच. तिच्या आधी तो कधी पैशाच्या, कधी पत्त्याच्या, कधी ओळखीच्या रूपात उभा असायचा.

१९७० मध्ये राज्य सरकारने प्री-मेडिकल टेस्टसाठी मंडळ नेमलं. तेव्हाच्या अखंड मध्य प्रदेशात सरकारी मेडिकल कॉलेजं सहा: ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, जबलपूर, रीवा आणि रायपूर. सहा कॉलेजांसाठी एक परीक्षा, एक यादी. पुढे १९८२ मध्ये हे मंडळ इंजिनिअरिंगच्या मंडळाशी जोडून व्यावसायिक परीक्षा मंडळ झालं, आणि त्या लांबलचक नावाचं लोकांनी ‘व्यापमं’ केलं. व्यापमंच्या पीएमटीतूनच शीट आमच्या घरांत शिरली.

आमच्या गल्लीने तिचं स्वागत केलं ते मनापासून, आणि त्याचं कारण तिचं आंधळेपण होतं. तिला आडनाव दिसत नाही. पाटणकर असो की अहिरवार, तिच्यापुढे दोघांचा रोल नंबर. चिठ्ठी कुठे लावायची? तिला टाचणी चालत नाही. अक्षर सुंदर म्हणून दोन मार्क जास्त नाहीत, इंग्रजी फाडफाड म्हणून परीक्षकाचं मत चांगलं होत नाही, कारण परीक्षकच नाही. हिंदी शाळेत शिकलेलं, घरी मराठी बोलणारं, कोचिंगच्या नोट्स मित्राकडून झेरॉक्स करून घेतलेलं एक पोरगं बड्या शाळेतल्या मुलाच्या वरती यादीत येऊ शकतं, हे तिने दाखवून दिलं. असं झालं त्या वर्षी बहादुरा हलवायाकडचे लाडू गल्लीत वाटले गेले तेव्हा ज्यांच्या घरात चिठ्ठी लिहिणारं कोणीच नव्हतं अशा लोकांनी ते जास्त चवीने खाल्ले.

तिच्याबरोबर घरात एक नवी भाषाही आली. ‘सिलेक्शन झालं का?’ ‘कटऑफ कितीवर गेला?’ ‘तुक्का मारला की येत होतं?’ आणि ‘ड्रॉप घेतलाय’. ड्रॉप म्हणजे बारावी झाली, नंबर लागला नाही, आता वर्षभर घरी बसून पुन्हा. एक ड्रॉप घेतलेल्या पोराकडे पाहुणे सहानुभूतीने बघतात. दुसऱ्या ड्रॉपला सल्ला देतात. तिसऱ्याला विषय बदलतात. आमच्या मोठ्या काकांच्या बाबतीत विषय बदलेपर्यंत मजल गेली होती. ते शेवटी बँकेत लागले, चांगले मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले. तरी जयारोग्यच्या दारातून आत जाताना आजही पाटी वाचतात, जणू पहिल्यांदाच आले आहेत.

पुण्यातल्या चुलत भावंडांना यातलं काही कळायचं नाही. त्यांच्याकडे बरीच वर्षं बारावीच्या मार्कांवरच मेडिकलचा प्रवेश व्हायचा, सीईटी नंतर आली. सुटीत तिकडे गेलो की ते विचारायचे, ‘तुम्हाला बारावी पास झाल्यावर परत परीक्षा का?’ आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा आणि थोडं बरंही वाटायचं, की यांना एकच डोंगर, आम्हाला दोन. त्यात आणखी एक गंमत. घरात बोलायचं मराठी, गणपती बसवायचा मराठी, ढोलीबुवांच्या मठात कीर्तन ऐकायचं मराठी. पण अधिवास मध्य प्रदेशचा. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या जागा आम्हाला नाहीत. पीएमटीच्या जागी आलेली देशभराची नीट २०१७ पासून मराठीतही देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. दौलतगंजातल्या मराठी मुलाने ग्वाल्हेरच्या केंद्रावर इंग्रजी नाहीतर हिंदी निवडावी. शीटचं याबाबत काही म्हणणं नाही. तिच्यावर भाषाच नाही, गोल आहेत.

आता तिला जवळून बघू. आमची पुतणी गेल्या वर्षी सरावाच्या शीटा घेऊन बसायची. कोऱ्या शीटांचा गठ्ठा स्टेशनरीवाल्याकडे मिळतो. टेबलावर घड्याळ, शेजारी प्रश्नपत्रिका. फिजिक्सचे पंचेचाळीस, केमिस्ट्रीचे पंचेचाळीस, बायोलॉजीचे नव्वद, मिळून एकशे ऐंशी. वेळही एकशे ऐंशी मिनिटं. बरोबरला चार, चूक झाली तर एक वजा, गोल कोरा सोडला तर शून्य. प्रश्न वाचायचा, विचार करायचा, गणित सोडवायचं आणि वर गोलही नीट काळा करायचा, सगळं सरासरी एका मिनिटात. ती बाहेरून आत गोल गिरवत जायची, जिभेचं टोक ओठांत धरून. एकदा आईने, म्हणजे तिच्या आजीने, चहा आणून ठेवला आणि पाच मिनिटं तिच्याकडे बघत उभी राहिली.

‘अगं, तुला डॉक्टर व्हायचंय ना? मग हे रंगकाम कसलं?’

‘आजी, चहा लांब ठेव. शीटवर सांडेल.’

‘सरावाचीच आहे ना ती?’

‘सराव चहा न सांडण्याचाही करायचा असतो.’

त्या दिवशी तिचे गोल सरकले. ही या खेळातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत क्रूर चूक. एखादा प्रश्न नंतर करू म्हणून सोडला, त्याचा गोलही सोडायला हवा होता, तो सोडायचा राहिला. पुढच्याचं उत्तर याच्या रांगेत गेलं, त्याच्या पुढचं त्याच्या मागच्या रांगेत. चौदा उत्तरं एकेका पायरीने वर सरकली. चौदाही तिला येत होती. तिने शीट फाडली नाही, तारीख घालून भिंतीवर चिकटवली. त्या दिवसापासून ती प्रश्नपत्रिकेचं एक पान झालं की त्या पानाचे गोल भरायची आणि प्रत्येक पानाच्या शेवटी नंबर मोठ्याने म्हणायची. परीक्षेत मोठ्याने म्हणता येणार नाही, हे मी म्हटल्यावर ती म्हणाली, ‘काका, तेव्हा मनात मोठ्याने म्हणेन.’

इथे कोणीही विचारेल की चौदा प्रश्न येत असून गोल सरकले म्हणून जी मुलगी मागे पडते, ती डॉक्टर म्हणून कमी कशी? आणि ज्याचे गोल कधी सरकत नाहीत तो रात्री दोन वाजता वॉर्डात बोलावल्यावर उठेल, हे कशावरून? शीटकडे याचं उत्तर नाही. तिचा तो प्रांतच नव्हे. पण तो प्रांत आहे, हे ओळखून काही ठिकाणी तिच्या शेजारी दुसऱ्या कसोट्या उभ्या केल्या गेल्या, आणि त्यांचीही गंमत बघण्यासारखी आहे.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, मेडिकल कॉलेज काढलं. तिथली प्रवेश परीक्षा स्वतंत्र होती आणि तीत फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच्या जोडीला गांधीविचाराचा पेपर असायचा. खेड्यात जाऊन काम करणारा डॉक्टर हवा, तर त्याला गांधी काय म्हणतात हे ठाऊक हवं, असा त्यामागचा विचार. आमच्याकडची मुलंही सेवाग्रामचा फॉर्म भरत. नातेवाइकांकडची ट्रंक उघडून गांधींची आत्मकथा शोधली जाई, आणि बायोलॉजीच्या नोट्समध्ये जसा हृदयाचा छेद पाठ करतात तसाच सत्याग्रह पाठ होई. कोणाच्या मनात काही उतरलं असेलही. पण परीक्षा म्हटली की आमच्या मुलांना कशाचीही तयारी करता येते, साधेपणाचीसुद्धा. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात नीटच्या मार्कांनंतर इंग्रजी, तर्क आणि विचारशक्तीची वेगळी चाचणी होते, मुलाखत होते. इंग्लंडमध्ये २००६ पासून मेडिकलला जाणाऱ्यांची यूकेकॅट नावाची कलचाचणी सुरू झाली, आता तिचं नाव यूकॅट. तीत परिस्थिती देऊन विचारतात की अशा वेळी डॉक्टरने कसं वागावं. मुलांनी त्याचेही क्लास लावले. अमेरिकेत तर मेडिकलला योग्य कोण हे ठरवणारी पहिली चाचणी १९२८ ची, कारण तिथे पहिल्या वर्षाला आलेले पुष्कळ विद्यार्थी मधेच गळत होते. जवळपास शंभर वर्षं सगळं जग ‘हा डॉक्टर होण्याजोगा आहे का’ हे कागदाला विचारतं आहे, आणि कागद दर वेळी उत्तर देतो ते ‘हा अभ्यासाला टिकेल’ एवढंच.

वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज याच मुद्द्यावर भांडलं. आम्ही मुलांना आमच्याकडे बोलावून, बघून, बोलून निवडतो, ते आम्हाला करू द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासह अनेकांच्या अर्जांवर १८ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पहिली नीट रद्द केली. तो निकाल ११ एप्रिल २०१६ ला मागे घेतला गेला आणि नीट परतली ती कायमची. दोन्ही बाजूंना कारणं होती. बघून निवडायचं म्हटलं की बघणाऱ्याचे डोळे आले, आणि डोळ्यांना आडनाव दिसतं, कपडे दिसतात, कोण कोणाचा हेही दिसतं. चिठ्ठीच्या गावात वाढलेल्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

पण आंधळ्यावर भिस्त ठेवायची तर त्याच्या आजूबाजूला प्रामाणिक माणसं लागतात, हे आम्ही विसरलो. त्याची किंमत आमच्याच राज्याने सगळ्यांत जास्त मोजली.

७ जुलै २०१३ ला पीएमटी होती. आदल्या रात्री इंदूर पोलिसांनी हॉटेलांतून वीसेक जण पकडले. ते दुसऱ्यांच्या नावाने पेपर द्यायला आले होते, बहुतेक उत्तर प्रदेशातले. लोक त्यांना ‘मुन्नाभाई’ म्हणत, त्या सिनेमावरून. धंद्यातली माणसं ‘सॉल्व्हर’ म्हणत. मग एकेक थर निघत गेला. एक पद्धत होती ‘इंजिन-बोगी’ची. हुशार मुलगा इंजिन, त्याच्या मागे पैसे भरलेली बोगी. दोघांना लागोपाठचे रोल नंबर मिळतील अशी आतून व्यवस्था. दुसरी पद्धत शीटच्याच जिवावर उठणारी होती. परीक्षार्थीने गोल कोरेच सोडायचे. शीट मंडळात गेल्यावर कोणीतरी निवांत बसून ते भरायचे. तिला काय कळणार? तिला काळं दिसतं. काळं कोणी केलं, कधी केलं, परीक्षेच्या हॉलमध्ये की भोपाळच्या बंद खोलीत, हे दिसायची सोय तिच्या बापाने ठेवलीच नव्हती.

हे उघडकीला आणणाऱ्यांत आमच्या ग्वाल्हेरचा आशीष चतुर्वेदी होता. धमक्या आल्या म्हणून त्याला पोलीस संरक्षण मिळालं, आणि तो सायकलवर फिरायचा म्हणून त्याचा रक्षकही सायकलवर. त्या जोडीचे फोटो देशभर छापून आले. ग्वाल्हेरमध्ये त्या दिवसांत मेडिकलच्या पोरांकडे बघण्याची नजर बदलली. पांढरा कोट घालून जाणाऱ्याला पानवाला हसत विचारायचा, ‘डॉक्टरसाहब, अपने वाले हो या व्यापमं वाले?’ ज्याने रात्री जागून गोल भरले होते त्यालाही हा प्रश्न हसून गिळावा लागायचा. घोटाळ्याचा सगळ्यांत मोठा दंड त्यालाच बसला, आणि तो कुठल्या निकालपत्रात नोंदलेला नाही. आरोपी आणि साक्षीदारांच्या संशयास्पद मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्यावर तर हसणंही थांबलं. ९ जुलै २०१५ ला सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयकडे दिला.

आणि मग मुक्या शीटने साक्ष दिली. २००८ ते २०१२ या वर्षांतल्या संशयित उमेदवारांच्या शेजारी-शेजारी बसलेल्या जोड्या काढल्या गेल्या आणि त्यांच्या शीटा एकमेकींशी ताडून बघितल्या. बरोबर उत्तरं जुळली यात काही नाही, बरोबर उत्तर एकच असतं. इथे चुकीची उत्तरंही जुळत होती. इंजिन जिथे घसरलं तिथेच बोगी घसरली होती. मे २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचं म्हणणं होतं की या मुलांनी शिक्षण पुरं करावं आणि बदल्यात पाच वर्षं सैन्यदलात नेहमीच्या पगाराविना सेवा द्यावी. प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे गेलं आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ६३४ जणांचे प्रवेश रद्द झाले. काही जण तोवर डॉक्टर होऊन बसले होते.

या सगळ्यात मला त्या चुकांचं फार वाटतं. अभ्यासातून आलेली उत्तरं सगळ्यांची सारखी. चूक मात्र ज्याची त्याची. एखाद्याला वाटतं इन्सुलिन तिथून स्रवतं, दुसऱ्याला वाटतं इथून, आणि त्या वाटण्यामागे त्याचं वर्ष, त्याचा मास्तर, त्याचं अर्धवट वाचलेलं पान असतं. आयुष्यभर शीटने चुकांचे मार्क कापले, आणि शेवटी माणूस ओळखायची वेळ आली तेव्हा तिच्याजवळ ओळखीची खूण म्हणून त्या चुकाच निघाल्या.

त्यानंतर माणसांवरचा विश्वास उडाला तो उडालाच. २०१५ च्या ऑल इंडिया पीएमटीत तर बनियनमध्ये शिवलेली यंत्रं निघाली, उत्तरं मोबाइलवरून दहा राज्यांत पोचली होती. १५ जून २०१५ ला सहा लाखांवर मुलांची ती परीक्षा कोर्टाने रद्द केली, २५ जुलैला ती पुन्हा झाली आणि तिच्याबरोबर पेहरावाचे नियम आले. अर्ध्या बाह्या, चपला, बूट नाही, दागिना नाही, पेनसुद्धा आत मिळेल ते. पुतणीच्या परीक्षेला मी केंद्राबाहेर उभा होतो. मे महिन्याचा ग्वाल्हेरचा उन्हाळा म्हणजे काय हे ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. दीड वाजता फाटक बंद. त्याआधी मुली कानातलं काढून आईच्या मुठीत देत होत्या, केसांच्या पिना मोजून देत होत्या. एका मुलाच्या मनगटावरचा कलावा कापला गेला, तो त्याच्या आजीने पदरात बांधून घेतला. आत गेल्यावर बोटाचा ठसा, फोटो ताडणं, शीटवर अंगठा, शीटवर सही. पूर्वी गोलावर भागायचं, आता गोल कोणी भरले याच्या खुणा गोळा करायला अर्धा तास जातो. आंधळीला चौकीदार दिले आहेत, आणि चौकीदारांवर कॅमेरे.

तरी २०२४ मध्ये नीटचा पेपर फुटलाच. ४ जूनला निकाल लागला तेव्हा सातशे वीसपैकी सातशे वीस मिळवणारे सदुसष्ट जण होते, आणि १,५६३ जणांना वेळ वाया गेल्याबद्दल वाढीव गुण दिले होते, ते काढून त्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. संपूर्ण फेरपरीक्षा मात्र कोर्टाने नाकारली. इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांची समिती बसली, आणि कागद काढून संगणकाचा पडदा आणावा अशी शिफारस पुढे आली. म्हणजे शीटचे दिवस भरत आले म्हणायचे. आमच्या मोठ्या काकांना ही बातमी सांगितली तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, ‘मग पडद्यावर तरी उत्तर कोणाचं, हे दिसेल का?’ तीन ड्रॉप घेतलेल्या माणसाने मुद्द्याचंच विचारलं.

मी तिची बाजू घेतो ती यासाठीच. आम्ही तिला आंधळेपणासाठी आणलं होतं, चिठ्ठी वाचता येऊ नये म्हणून. ते काम तिने इमानाने केलं. कोण भरतंय हे बघण्याचं काम माणसांचं होतं, आणि भरणाऱ्याला पुढे जाऊन रोग्याजवळ बसता येईल का, हे बघण्याचं काम त्याच्या पुढच्या साडेपाच वर्षांतल्या शिक्षकांचं. ही दोन्ही कामं आम्ही तिच्या गळ्यात घातली आणि ती जमली नाहीत म्हणून तिलाच बदलायला निघालो.

पुतणीचा निकाल लागण्याआधी शीटची स्कॅन केलेली प्रत पडद्यावर आली. ती बघून शंका असेल तर प्रत्येकी दोनशे रुपये भरून हरकत घेता येते. सगळं घर तिच्या मागे उभं. ती एकेका रांगेवर बोट ठेवत उत्तरतालिकेशी ताडत गेली. एका ठिकाणी तिची आई म्हणाली, ‘अगं, हा तुझा नसेल, एवढं सोपं तू चुकणार नाहीस. टाक दोनशे रुपये.’ पुतणी वाकून बघत म्हणाली, ‘नाही गं आई, ही चूक माझीच आहे. मी नेहमी इथेच चुकते.’ तिने दोनशे रुपये वाचवले, आणि त्याच संध्याकाळी ड्रॉपच्या बॅचची फी किती आहे याची चौकशी केली.